चिकाचा अंगठा

काल शहाद्यात बसस्टँडजवळच्या टपरीवर जे वाजलं, ते सर्व्हरवरून. योगेशच्या सेवा केंद्रात दुपारपासून स्क्रीनवर नुसती चकरी फिरत होती, म्हणून तो चार वाजताच शटर अर्धं ओढून चहाला आला.

पुण्याहून आलेला नीलेश लगेच सुटला. "प्रत्येक खात्याचं पोर्टल वेगळं, ठेकेदार वेगळा, पासवर्ड वेगळा. सगळं एका आयटी खात्याखाली आणा ना. एक लॉगिन, एक डेटा सेंटर, विषय संपला."

"विषय नही, काम संपी जाई," आप्पा म्हणाले. आप्पा निवृत्त तलाठी. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हे त्यांना अजून पचलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सातबारा आज ऑनलाइन मिळतो तो महसूल खातं आणि एनआयसी, म्हणजे केंद्र सरकारची संगणक संस्था, यांनी वर्षानुवर्षं घासला म्हणून. हस्तलिखित उताऱ्यातल्या चुका तलाठ्यांनी रात्री बसून काढल्या, तेव्हा कुठे १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघायला लागला. "फेरफार म्हंजे काय हे ज्याले माहीत नही, त्याना हातमा सातबारा दिशी का तू?"

नीलेशचं उत्तर तयार होतं. एनआयसी केंद्राची, १९७६ पासूनची. राज्याने टीसीएस कंपनीबरोबर सरकारी सेवा ऑनलाइन देणारं महाऑनलाइन काढलं, पुढे महाआयटी महामंडळ काढलं, म्हणजे दिशा एकत्र आणण्याचीच होती.

"आणलं ना भो. सरकारी भरतीबी एका जागी आणली," योगेश म्हणाला. "महापरीक्षा पोर्टल. २०२० मध्ये गुंडाळलं."

ती परीक्षा दिलेली दोन पोरं शेजारच्याच बाकावर होती. त्यावर पुढे कोणी बोललं नाही.

मला टेंभली आठवली. आपल्याच तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं, खुद्द पंतप्रधान आले होते. एका नंबरावर माणूस ओळखायचा, ही सुरुवात आपल्याच मातीतली. आणि सकाळीच योगेशकडे केळीबागेतले एक बाबा बसले होते. केळीच्या चिकाने अंगठा काळा, रेघा बुजलेल्या. तीनदा ठेवला, तीनदा मशीन लाल. "रॉकेलनी पुशी लयू का?" त्यांनी विचारलं. पुसून आल्यावर अंगठा लागला, तर नाव अडलं. आधारवर शामराव, सातबाऱ्यावर शामा. कृषीवाले म्हणाले महसूलकडे जा, महसूलवाले म्हणाले आधार बदला, आधारवाले म्हणाले पुरावा आणा.

"हेच तर सांगतोय!" नीलेश उसळला. "एक खातं असतं तर…"

"तरीबी नावदुरुस्तीचा, महसूल कायद्याच्या कलम १५५ चा आदेश तहसीलदारच काढी," आप्पा.

इथे माझं मत आप्पांकडे झुकलं, पण अर्धंच. सर्व्हर, सुरक्षा, लॉगिन एका हाती द्यायला काय हरकत? तालुक्याने डेटा सेंटर सांभाळायची गरज नाही. पण नाव दुरुस्त करायचा नियम कळणारा माणूस मंत्रालयात नेऊन बसवला, तर शामाबाबांनी मुंबईला जायचं का?

"मले काहीच नको," योगेश म्हणाला. "एक नंबर द्या, लावला तर उचलतील असा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पोरगा केंद्रातून ओरडत होता, चकरी थांबली. योगेश अर्धा चहा टाकून पळाला. शटरपुढच्या पायरीवर शामाबाबा धोतराला अंगठा पुसत बसले होते.