कलादालनाआधी चित्रं गावात फिरू द्या

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या आमच्या तालुक्याच्या गावी कलादालन बांधावं का, यावर सध्या बराच वाद चाललाय. एका बाजूचं म्हणणं, मुंबईला १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, नागपुरातही प्रदर्शनं भरतात, मग आमच्या पोरांनीच काय पाप केलं? दुसरी बाजू सरळ विचारते, धानाला भाव नाही, पोरांना काम नाही, अन् तुम्हाला चित्रं सुचतात? मी याच भागातला. आता नेदरलँड्समध्ये राहून चित्रं काढतो. त्यामुळे फोनवर दोन्हीकडचे मला विचारतात, ‘तिकडं कसं असते?’

तिकडं चित्रकार नुसत्या चित्रांवर जगतो असा गावी पक्का समज आहे. तो खरा नाही. मी सकाळी एका फ्रेमवाल्याकडे काम करतो आणि दुपारनंतर स्टुडिओत जातो. स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा वर्ग. आमच्या मजल्यावर कुणी शिकवतं, कुणी हॉटेलात वाढतं, कुणी टपाल वाटतं. चित्रं दुसऱ्या गावी न्यायची तर दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून बांधायचे, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा, आणि ट्रेनमध्ये दाराजवळ उभं राहून जायचं. प्रदर्शन संपलं की बहुतेक चित्रं त्याच ट्रेनने परत येतात. विक्री इथंही अवघडच आहे.

पण इथं एक सोय आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. वाचनालयातून पुस्तक न्यावं तसं इथं चित्र घरी नेता येतं. पीटर कोइस्ट्रा नावाच्या चित्रकारानं १९५५ मध्ये अॅमस्टरडॅमला अशी संस्था सुरू केली आणि मग गावोगावी तशा संस्था निघाल्या. दर महिन्याला थोडं भाडं भरायचं, काही महिने चित्र घरात ठेवायचं, मग बदलून घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी भाड्याचा काही भाग खात्यावर साठतो आणि त्यातून पुढे चित्र विकत घेता येतं. रोवणीच्या दिवसांतल्या बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, माझं एक चित्र आहे. चिखलाचं पाणी, त्यात आभाळ आणि कडेला पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या. एका म्हाताऱ्या जोडप्यानं ते नेलं, परत केलं, दुसरं नेलं आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच मागितलं. शेवटी साठलेल्या पैशांतून विकत घेतलं. त्यांनी आयुष्यात धान पाहिलेला नाही. दालनात पाच मिनिटं उभं राहून त्यांनी ते कधीच घेतलं नसतं. रोज जेवताना समोर राहिलं म्हणून घेतलं.

सरकारनं चित्रं विकत घ्यावीत असंही गावी काही जण म्हणतात. ते इथं करून झालंय. १९४९ ते १९८७ या काळात एक योजना होती. गरजू चित्रकारानं चित्रं द्यायची आणि सरकारनं त्याला जगण्यापुरते पैसे द्यायचे. चित्रकार तगले हे खरंच, आणि ती काही लहान गोष्ट नव्हे. पण गोदामं भरली. चित्रं कुणी पाहीना आणि पुढे त्यातली पुष्कळ वाटून टाकावी लागली. चित्रकाराला पैसे मिळाले तरी चित्राला घर मिळतंच असं नाही.

आता आपल्याकडचं. गावात चित्राची कुणाला पडलेली नाही, हे मला मान्य नाही. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, येतात आणि रात्री नाटक असतं. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं होळीपर्यंत चालतात. धान घरात आलेला असतो आणि लोक तिकीट काढून, अंगावर शाल घेऊन पहाटेपर्यंत बसतात. त्या नाटकांचे रंगवलेले पडदे आठवा. जंगल, राजवाडा, शहरातला रस्ता. पावडरचे रंग सरसात कालवून कापडावर चढवलेले, वर-खाली बांबू. जंगलाचा पडदा सुटला की बायामाणसांतून ‘आहा’ निघायचा. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीतल्या नटाची देशानं दखल घेतली. पडदे रंगवणाऱ्याचं नावही कुठं लिहिलेलं नसतं.

आमच्या गावचे पेंटरकाका त्यांतलेच. आधी पडदे, मग दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. फ्लेक्स आला आणि बोर्ड गेले. आता ते शाळांच्या बोलक्या भिंती रंगवतात, चौरस फुटाच्या हिशेबानं. पण रात्री हार्डबोर्डवर स्वतःसाठी काढतात. मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या बाया, तळ्यावरची कोळ्यांची जाळी. सगळं पलंगाखालच्या पेटीत. दाखवा म्हटलं तर म्हणाले, ‘कोणाले देऊ? भिंतीले ओल येते.’

ओलीचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडे वर्षाला १३००-१४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मातीच्या भिंतीवर काचेतलं कागदी चित्र एका पावसाळ्यात बुरशी धरतं. पण याला उपाय आहे. कागदाऐवजी कॅनव्हास किंवा बोर्ड घ्यायचा, अॅक्रिलिक रंग वापरायचे आणि फ्रेममागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. हे मी रोज करतो आणि सुट्टीत येईन तेव्हा शिकवू शकतो.

शेतकरी मरत असताना चित्रं कसली, हा प्रश्न मला टोचतो आणि टोचायलाच हवा. धानाच्या भावासाठी भांडलंच पाहिजे. पण एक गोष्ट विसरू नका. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळ सेगावात राहायला आले, तिथली गरिबी रोज बघत होते. त्याच वर्षी फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं आणि त्याच्या सजावटीसाठी त्यांनी चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं. बांबू वापरून, गावात मिळेल त्या साहित्यात ती सजावट झाली. दोन वर्षांनी हरिपुऱ्याच्या अधिवेशनाला बोसांनी खेड्यातल्या माणसांचीच चित्रं काढली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी लावली. गरिबाला डोळे नसतात असं त्या दोघांनाही वाटलं नाही.

म्हणून माझं मत कलादालनाच्या विरोधात जातं, निदान आत्ता. इमारतीला निधी मिळतो, उद्घाटन होतं, पण रोज दार उघडायला माणूस मिळत नाही. वाचनालयं मात्र आधीच आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांत हजारो वाचनालयं मान्यता घेऊन उभी आहेत. तिथं एका भिंतीवर चित्रं लावा आणि पुस्तकासारखीच नोंद करून घरी न्यायला द्या. पहिली चित्रं पेंटरकाकांच्या पेटीतली आणि शाळेतल्या पोरांची. इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देणारी पोरं आपल्याकडेही आहेत. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तिथं कलेसाठी अर्धवेळ निदेशक हवा. तो आपल्या शाळेत आहे का, हेही या वादात विचारलं पाहिजे.

माझी एकच अट आहे. चित्र बाहेर गेलं की काढणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, पाच-दहा रुपये का होईना. फुकट दिलेलं चित्र पुन्हा पलंगाखाली जातं. वाचनालयाच्या सचिवांशी मी बोललोय. त्यांनी भिंत द्यायला होकार दिला, पण चित्र फाटलं तर भरपाई कुणी द्यायची, असं विचारलं. मी म्हटलं, पहिल्या वर्षीची मी देतो. त्यानंतरचं वर्गणीदारांनी बैठकीत ठरवावं.