कोर्वोत ग्रामपंचायतच नाही!
कोर्वो बेटावरचा लेख आवडला, पण पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या या चिमुकल्या बेटाची खरी गंमत त्यात राहूनच गेली. पोर्तुगालमध्ये प्रत्येक नगरपालिकेखाली 'फ्रेगेझिया' असतात, आपल्या ग्रामपंचायतीसारख्या. कोर्वोत एकही नाही. देशातली अशी ही एकमेव नगरपालिका. १७ चौ.किमी.चं बेट, वस्ती एकच, २०२१ च्या जनगणनेत माणसं ३८४. दोन-दोन कार्यालयं थाटायची कुणासाठी?

आणि १८३२ चं काय? त्याच वर्षी गावाला 'व्हिला'चा, म्हणजे नगराचा, दर्जा मिळाला आणि मंत्री मोझिन्यु द सिल्व्हेइरांनी बेटावरचा गव्हाचा जाचक खंड निम्म्यावर आणला. लोकांची कृतज्ञता पाहून आपल्याला कोर्वोतच पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं म्हणे. पुरलं मात्र मुख्य भूमीवर.