बडोद्याच्या इतिहासाच्या साइटवर 'काहीच सापडत नाही' या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार, आणि खाली लिहिलंय: "सर्च निव्वळ कुचकामी. 'माझे पणजोबा वडोदरा लायब्ररीतून गावोगावी पुस्तकं पाठवायचे त्याची माहिती' असं टाकलं तर एकही रिझल्ट नाही. गूगल निदान काहीतरी तरी दाखवतं. वर्षाची वर्गणी फुकट गेली." पुण्यात बसून तुम्ही घरातल्या माणसाचा माग काढताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला हवं ते साइटवर आहे, आणि भरपूर आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं राहिलं. त्याचाच एक भाग म्हणजे फिरती ग्रंथालयं. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, पेटी गावी रवाना करायची, गावाने वाचून परत पाठवायची. तुमचे पणजोबा बहुधा याच कामावर असणार. आमच्याकडे या विषयावर जेवढं जमा झालंय, त्याचा मला खरोखर अभिमान आहे.

आता सर्चबद्दल. आमचा सर्च अंदाज बांधत नाही. तुम्ही टाकलेले सगळे शब्द ज्या पानावर असतील तेच पान तो दाखवतो, आणि हे आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. कुणी 'खंडेराव' टाकलं, तर १८५६ ते १८७० गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांचे कागद समोर यायला हवेत. लोकांच्या पसंतीवर चालणारा सर्च आधी खंडेराव मार्केट दाखवेल, कारण बहुतेकांना बाजारच हवा असतो. जुन्या कागदांत शोधणाऱ्याला असला अंदाज घातक ठरतो. एखादी गोष्ट नोंदलेलीच नाही की सर्चने ती मागे ढकलली, हे त्याला कधी कळतच नाही.

म्हणून 'माझे', 'त्याची', 'माहिती' हे शब्द काढून टाका. त्या काळच्या कारकुनाने काय लिहिलं असेल ते टाका. 'वडोदरा' हे नाव सरकारी व्यवहारात १९७४ साली आलं. जुन्या मराठी मजकुरात 'बडोदे' किंवा अनुस्वार देऊन 'बडोदें' सापडेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी 'पुस्तकें', 'ग्रंथालयें' असंच छापत. शिवाय आपली मराठी प्रत्यय लावताना शब्दाचं रूपच बदलते. तेव्हा शब्दाचा न बदलणारा भाग टाकून पुढे ताऱ्याचं चिन्ह द्या. 'ग्रंथालय*' टाकलं की ग्रंथालयें, ग्रंथालयाचा, ग्रंथालयांना, सगळी रूपं येतात.

पेटीसाठी 'पेट*' द्यावं लागेल, म्हणजे पेटी, पेट्या, पेट्यांतून हे सगळं सापडेल. पण एवढ्यावर थांबलात तर पेटलाद तालुक्याचा सगळा कारभार अंगावर येईल! त्याला उपाय आहे: पुढे जागा सोडून '-पेटलाद*' लिहा. उणे चिन्ह लावलेला शब्द असलेली पानं वगळली जातात. म्हणजे चौकटीत एवढंच लिहायचं: फिरत* पेट* -पेटलाद*. मग 'सविस्तर शोध' उघडून साल १९१० ते १९२० निवडा. मी आत्ताच करून पाहिलं, पहिल्याच पानावर तुमच्या कामाचं सापडलं.

भाषेचा फिल्टरही बदलून बघा. संस्थानाचे वार्षिक अहवाल इंग्रजीत निघत, त्यामुळे नुसत्या मराठी शब्दांनी ते हाती लागायचे नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरांत 'ट्रॅव्हलिंग लायब्ररी' हे दोन शब्द अवतरण चिन्हांत टाका, म्हणजे ते एकमेकांना लागून आलेत तेवढीच पानं मिळतील. १९१२ पासून बडोद्यातून निघणाऱ्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग होते. तिथे तिन्ही भाषांत शोधलंत तर बरं.

पणजोबांचं नाव शोधताना आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा, कारण तेव्हा एकाच माणसाचं नाव एका यादीत एक आणि दुसरीत वेगळं असं छापलेलं असे. हस्तलिखित आणि मोडी कागद आमच्याकडे स्कॅन करून ठेवलेत, पण त्यांच्या आतला मजकूर सर्चला वाचता येत नाही. फक्त शीर्षकं शोधता येतात. खात्यातल्या नोकरांची नावं अशाच कागदांत असण्याचा संभव जास्त. ते डोळ्यांनीच वाचावे लागतात, आणि वर्गणीदारांसाठी आम्ही ते वेगळे पैसे न घेता वाचून देतो.

वर्गणी परत हवी असेल तर पावती क्रमांक कळवा, पूर्ण रक्कम परत करू. पण त्याआधी पणजोबांचं पूर्ण नाव आणि नोकरीची अंदाजे सालं साइटवरच्या 'संपर्क' पानातून पाठवा, इथे जाहीर लिहू नका. कधी बडोद्याला आलात, तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जरूर जाऊन या. पुस्तकांच्या मजल्यांना तिथे काचेच्या फरशा आहेत. आमचं ऑफिस दांडिया बाजारात आहे, आणि मोडी वाचणारे सहकारी शनिवारी दिवसभर तिथे असतात. घरात जुनी पत्रं किंवा नेमणुकीचा कागद असेल तर घेऊन या.