शेपटीवरचा क्रॉस

जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. मामा म्हणाला, "सुटलो एकदाचे." पार्ल्याची मावशी म्हणाली, "घरचं सोनं विकलं." तो वाद अजून मिटलेला नाही.

मी झुरिक विमानतळाला लागून असलेल्या क्लोटेनमध्ये राहते. मला दोघांशीही भांडावंसं वाटतं, कारण या गावाने आपल्या देशाची विमान कंपनी डोळ्यांदेखत बुडताना पाहिली आहे. आणि तिचं बहुतांश भांडवल खासगी होतं.

स्विसएअर 1931 मध्ये दोन छोट्या कंपन्या एकत्र करून सुरू झाली. पुढे तिच्याकडे इतका पैसा साठला की लोक तिला 'उडती बँक' म्हणायचे. मग डिसेंबर 1992 मध्ये स्विस मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायला निसटत्या बहुमताने नकार दिला. शेजारच्या देशांच्या कंपन्यांना युरोपभर हवं तिथे उडायची मोकळीक मिळत होती, स्विसएअर कुंपणाबाहेर राहिली. केएलएम, एसएएस आणि ऑस्ट्रियन या युरोपीय विमान कंपन्यांबरोबर एकत्र येण्याची बोलणी 1993 मध्ये फिसकटली. तेव्हा व्यवस्थापनाने सल्लागारांच्या मदतीने दुसरी वाट धरली: युरोपातल्या दुबळ्या कंपन्यांचे हिस्से विकत घ्यायचे. बेल्जियमची साबेना, जर्मनीची एलटीयू, फ्रान्समधल्या दोन-तीन. युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला निम्म्याहून जास्त हिस्सा घेता येत नव्हता, म्हणजे ताबा अर्धवट, पण तोट्याची झळ मात्र पुरेपूर. नामवंत संचालक मंडळ माना डोलावत राहिलं.

2 ऑक्टोबर 2001 ला दुपारी विमानं थांबली. रोख पैसे दिल्याशिवाय इंधन मिळेना. इथले लोक त्या दिवसाला आजही नुसतं 'ग्राउंडिंग' म्हणतात. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा चेक-इनला होत्या. फलकावर एकेका ओळीपुढे 'रद्द' उमटत गेलं आणि समोरच्या रांगेतले लोक आपल्यालाच विचारत राहिले, हे सांगताना त्या अजून गळ्याशी हात नेतात. गणवेशाचा स्कार्फ तिथे असायचा.

आता आपल्याकडे बघा. एअर इंडियाने 2005-06 मध्ये इंडियन एअरलाइन्ससह 111 विमानांची मागणी नोंदवली, 2007 मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं आणि कर्जाचा डोंगर झाला. मामा म्हणतो, हे सरकारी मालकीचं पाप. मग जेट एअरवेज? ती खासगीच होती. एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून टाकायचा आदेश दिला. मावशीचं दुःख मला कळतं, कारण महाराजा आमच्याही घरात शोकेसमध्ये होता. पण ज्या सोन्यासाठी 2012 मध्ये सुमारे 30,000 कोटी रुपयांची मदत ठरवावी लागली, ते सोनं कुणी आणि कसं झिजवलं, हे मावशी विचारत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये सगळं नीट झालं असं मुळीच नाही. 2007 मध्ये झुरिकजवळच्या बुलाखच्या न्यायालयाने स्विसएअर बुडाल्याच्या खटल्यातले सगळे 19 आरोपी निर्दोष सोडले, आणि त्याचा राग इथे अजून आहे. पण एक गोष्ट मला फार मोठी वाटते. स्विसएअरचीच उपकंपनी असलेल्या क्रॉसएअरच्या पायावर नवी कंपनी उभी करायची ठरली तेव्हा झुरिक कँटनचा, म्हणजे इथल्या राज्याचा, वाटा होता 300 दशलक्ष फ्रँक, आणि तो द्यायचा की नाही हे जानेवारी 2002 मध्ये लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं. कित्येक आठवडे पेपरांत, बेकरीत, ट्राममध्ये त्या आकड्यांची चिरफाड झाली. लोकांनी हो म्हटलं. ती कंपनी, आजची स्विस, पुढे काही वर्षांतच लुफ्तान्साच्या मालकीची झाली. शेपटीवर तोच पांढरा क्रॉस, मालक जर्मन. ते अनेकांना टोचलं, पण आपण कशासाठी किती पैसे दिले हे प्रत्येकाला माहीत होतं.

आपल्या 30,000 कोटींवर पार्ल्यात कोणी मत दिलं? पुढच्या वेळी मामा-मावशी भांडायला लागले की मी हाच आकडा ग्रुपवर टाकणार आहे. विमान कंपनीच कशाला, एसटी, बेस्ट, महावितरण, सगळ्यांसाठी हाच प्रश्न विचारायचा आहे.

शेजारच्या आजींना मी एकदा विचारलं, तुम्ही तेव्हा काय मत दिलंत? त्या म्हणाल्या, "हो दिलं. दोन रविवार आकडे वाचले, मग दिलं."