देवगिरीचे ताल, बुधवारचा वर्ग

रविवारी पुतणीचा फोन आला. गाण्याच्या विशारद परीक्षेतल्या संगीतशास्त्राच्या पेपरवरून तिच्या क्लासात वाद पेटलाय. तो पेपरच काढून टाका, असं तिच्या सरांचं म्हणणं. ज्याचा गळा चालत नाही तो शास्त्र शिकवतो, असंही ते म्हणाले. "आत्या, तू पण तेच शिकवतेस ना गं?"

पॅरिसच्या उपनगरात दर बुधवारी मी मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वर-ताल वाचून म्हणायला, शिकवते. सरांचं ते वाक्य चार दिवस मनातून गेलं नाही.

सर ज्या दहा थाटांच्या, म्हणजे रागांच्या गटांच्या, आधारे राग शिकवतात, ते लावून देणारे भातखंडे पेशाने वकील होते, मैफलीचे गवई नव्हते. आणि इकडे फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ! १५ जानेवारी १९४१ ला जर्मनांच्या कैदेत, गर्लिट्झच्या छावणीत त्याची चौकडी, म्हणजे चार वाद्यांची रचना, पहिल्यांदा वाजली. त्याच वर्षी सुटून आल्यावर तो पॅरिसच्या कोंझर्व्हातुआर या संगीतशाळेत हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचं शास्त्र, शिकवू लागला आणि १९७८ पर्यंत तिथे शिकवत राहिला. रचनेचा प्राध्यापक हे पद त्याला १९६६ मध्ये मिळालं. तोवर बुलेझ, स्टॉकहाउझेन हे संगीतकार त्याच्या वर्गातून जाऊन नावाजलेही होते. झेनाकिस हा आणखी एक संगीतकार शिकायला आला तेव्हा मेसियाँने त्याला हार्मनीच्या वाटेला जाऊच नकोस, तुझं गणित आणि वास्तुकला घेऊन लिही, असं सांगितलं. शास्त्र मुरलेला माणूसच असा सल्ला देऊ शकतो.

त्याच चौकडीच्या पहिल्या भागात पियानोला १७ कालमूल्यांची (कोणता स्वर किती वेळ धरायचा त्याची) साखळी आहे. ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची. तिच्यावर २९ स्वरसंघातांची (कॉर्ड्सची) दुसरी साखळी फिरते, त्यामुळे दोन्हींची गाठ लवकर पडतच नाही. ही नावं मेसियाँला एका फ्रेंच ज्ञानकोशातल्या १२० देशी तालांच्या यादीत सापडली. यादी मूळ 'संगीतरत्नाकरा'तली, म्हणजे शार्ङ्गदेवाची. शार्ङ्गदेव देवगिरीला यादवांच्या दरबारी होता, हिशेबाच्या खात्यावर.

देवगिरी म्हणजे आमचा दौलताबाद. शाळेची सहल दोनदा तिथे गेली. मेंढा तोफ पाहिली, किल्ल्यातल्या अंधारी या भुयारी वाटेत एकमेकींचे हात घट्ट धरले. 'शार्ङ्गदेव, तेरावं शतक' हे पुढे दोन मार्कांसाठी पाठ केलं, पण तो डोंगर आणि हे नाव जोडून कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते मला कळलं इथे, एका फ्रेंच शिक्षिकेकडून. मान वर होत नव्हती माझी. सरांचा राग अशा घोकंपट्टीवर असेल, तर मी त्यांच्या बाजूची आहे.

मेसियाँनेही तालाची लांबी-रुंदी तेवढी घेतली. फिरून जिच्यावर यायचं ती सम नाही, त्या फेऱ्याचा, आवर्तनाचा श्वास नाही. हे इथल्या सहकाऱ्यांना मी हटकून सांगते आणि सांगताना आवाज चढतो. मग कुणीतरी म्हणतं, तू गाऊन दाखव ना.

मी गात नाही. इथे आल्यावर दोन वर्षांत रियाज सुटला, तानपुरा कपाटावर गेला. गळा गेला म्हणून शिकवायला लागले नाही, शिकवणं मला त्याआधीपासून आवडत होतं. तरी सरांचं वाक्य लागलं ते त्या कपाटापाशी.

काल बुधवार. मुलांकडून रागवर्धन टाळ्यांवर करून घेतला. मुलं 'रागावार्दाना' म्हणाली, मी 'ध' म्हणायला लावला. एकीने विचारलं, हा ताल तुमच्या गावचा का? हो म्हणाले. इतक्या वर्षांत इथे गावाचं नाव मी पहिल्यांदाच फळ्यावर लिहिलं.