रेडिएटरची कॅप सैल ठेवून गळती थांबत नाही

"गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर रेडिएटरची कॅप पूर्ण आवळू नका, पहिल्या खाचेवरच ठेवा. प्रेशरच नसेल तर गळती कुठून होणार? कूलंटवर खर्च नको, साधं पाणी घाला. थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहील. तरीही गळलं तर चमचाभर हळद टाका. कॅप सैल असल्यानं गरम गाडीतही केव्हाही उघडता येते." हा सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. मला तो तिघांकडून आला. त्यांतल्या दोघांकडे माझ्यासारखीच जुनी मारुती ८०० आहे, आणि मे महिन्यात ते दोघेही कुटुंबासह घाट चढतात. म्हणून हे लिहायलाच हवं असं वाटलं.

या सल्ल्याच्या मुळाशी एक समज आहे: कॅप प्रेशर तयार करते. प्रत्यक्षात प्रेशर तयार होतं ते उष्णतेनं. बंद जागेतलं पाणी तापून फुगतं, दाब वाढत जातो. कॅपच्या आतली स्प्रिंग फक्त तो कुठवर वाढू द्यायचा ते ठरवते. कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो. दाब त्यापुढे गेला की झडप उचलली जाते आणि जास्तीचं पाणी नळीतून रिझर्व्ह टाकीत जातं. म्हणजे रेडिएटर आणि होज पाइप फुटू नयेत याची काळजी कॅपच घेते.

आणि हा दाब मुद्दाम ठेवलेला आहे. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ च्या कॅपखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. या अठरा अंशांवर घाटातली सगळी भिस्त असते. वाईहून पसरणी घाटानं पाचगणी आणि पुढे महाबळेश्वरला जा. तिथं साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. अनेक गाड्यांचा रेडिएटरचा पंखा सुरू होतो तोच नव्वदीच्या मध्यावर. कॅप सैल आणि आत साधं पाणी असेल, तर पंखा फिरू लागेपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असेल.

उकळी आधी फुटते ती हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, जळका वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आजूबाजूला, कारण सर्वांत तापणारी जागा ती. तिथं वाफेचे बुडबुडे धरले की पाणी धातूला टेकत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला लागतं. पाणी कमी झालं की तापमानाच्या काट्यावरही भरवसा ठेवता येत नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला नसेल, नुसत्या हवेत असेल, तर इंजिन होरपळत असताना काटा मध्यावर शांत उभा असतो. मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्यांच्या गाडीचं हेड असंच उचलावं लागलं. ते घासून सपाट करावं लागलं (फेसिंग), त्याखाली नवं गॅसकेट पडलं. कॅप पहिल्या खाचेवर होती.

आता "प्रेशर नाही तर गळती नाही" याकडे येऊ. सकाळी गाडीखाली ओल दिसते तेव्हा इंजिन थंडगार असतं, आत दाब जवळजवळ शून्य असतो. तरी गळालेलं असतं, कारण रात्री रबर आणि धातू आकसतात आणि जुनी क्लिप होजला नीट धरत नाही. वॉटर पंपाचं सील गेलं असेल तर त्याच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडतच राहतात, दाब असो वा नसो. सैल कॅपनं फार तर थेंबांचा वेग मंदावेल. उलट पाणी जाण्याची एक नवी वाट उघडते. पहिल्या खाचेवर कॅपचं दाब धरणारं रबर टेकलेलंच नसल्यामुळे तापलेलं पाणी थोडं फुगलं तरी नळीतून बाहेर जातं. कॅपच्या मधोमध एक छोटी उलटी झडपही असते. इंजिन निवताना टाकीत गेलेलं पाणी तिच्यातून परत ओढलं जातं. कॅप नीट बसलेली नसेल तर पाण्याऐवजी हवा आत येते. दर फेरीला पातळी खाली, आणि मालक मात्र खाली डबकं दिसत नाही म्हणून निर्धास्त.

या सल्ल्यात तथ्याचा एक अंश आहे, तोही सांगायला हवा. नवी कॅप बसवली आणि दुसऱ्याच दिवशी होजमधून पाणी यायला लागलं, असा अनुभव खूप जणांना येतो. खोटं नाही ते. पण जुन्या कॅपची स्प्रिंग थकलेली होती, गाडी वर्षानुवर्षं कमी दाबावर चालत होती आणि कुजलेली होज त्यामुळे झाकली गेली होती. नव्या कॅपनं ती दाखवली इतकंच. बदलायची ती होज. मात्र कॅप गाडीसाठी ठरवलेल्या आकड्याचीच हवी, चढ्या आकड्याची नको. मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाडीला दर चौरस इंचाला सात पौंडांची कॅप असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास. तिच्यावर ०.९ ची लावली तर डाग दिलेला पितळी रेडिएटर उकलू शकतो.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेबद्दल, थोडक्यात. तो साधारण ८२ अंशांना उघडतो, म्हणजे तापलेल्या इंजिनात तो उघडाच असतो. काढून टाकल्यानं इंजिन तापायला उशीर होतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. अडकला असेल तर नवा टाका.

साध्या पाण्याचं म्हणाल तर बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज आतून पोखरतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि निम्मं पाणी घातलेलं कूलंट दाबाशिवायही १०७ अंशांच्या पुढे उकळतं. हळदीनं बारीक भोक बुजतं, हे आडरस्त्यावर अनेकांनी करून पाहिलेलं आहे. पण ती हळद भोक ओळखत नाही. नळ्यांतही तशीच बसते. गॅरेजपर्यंत पोचायला ठीक, वर्षभरासाठी नाही.

गळती शोधायची सरळ पद्धत आहे. इंजिन थंड असताना कॅपच्या जागी हातपंपाचा टेस्टर लावायचा, कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन ओल शोधा. बाहेर कुठं ओल नसेल आणि गाडीत हीटर असेल (त्यातूनही हेच पाणी फिरतं), तर पुढच्या सीटसमोरची सतरंजी चाचपा. तीही कोरडी असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असावं. ऑइल दुधाळ झालंय का, गरम इंजिनातूनही पांढरा धूर येतोय का ते पाहा. कॅपही त्याच पंपावर तपासता येते. मेकॅनिकला दोन्ही तपासायला सांगा.

सगळ्यांत जास्त भीती मला या सल्ल्याच्या शेवटच्या ओळीची वाटते: "कॅप सैल असल्यानं गरम गाडीतही केव्हाही उघडता येते." पहिल्या खाचेवरच्या कॅपखालची नळी गाळानं चोंदलेली असेल तर दाब आतच असतो. चार लिटर पाणी ११० अंशांवर असेल आणि कॅप एकदम उघडली, तर क्षणात सुमारे सव्वाशे लिटर वाफ होते. ती उकळतं पाणी घेऊन थेट हातावर आणि तोंडावर येते. घाटात गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मुलांना बॉनेटपासून लांब ठेवा. वरची होज बिनदिक्कत मुठीत धरता येईपर्यंत थांबा, मग जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून कॅप हळूहळू फिरवा. त्यासाठी अर्धा-पाऊण तास सहज लागतो.