समुद्राला पाठ करून कसं बसावं

यंदा मे महिन्यात सहकुटुंब कोकणात जायचं म्हणता? उत्तम. पण सहकुटुंब म्हणजे किती, ते आधी ठरवून घ्या. नवरा-बायको आणि दोन लेकरं याला आमच्या अंबाजोगाईत कुटुंब म्हणत नाहीत, ‘एवढेच आलाव का?’ असं विचारतात. किमान २२ माणसं पाहिजेत. काका-काकू तीन जोड्या, दोन आत्या, एक दाजी आणि दाजींचा लांबचा एक पुतण्या. या पुतण्याचं नाव तिसऱ्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं, पण जेवायला तो पहिल्या पंगतीत असतो. गेली अकरा वर्षं आम्ही दर मे महिन्यात दिवेआगरला, त्याच वाडीत, त्याच कॉटेजवर जातोय. तेव्हा जे सांगतोय ते अधिकारानं सांगतोय.

तारीख काढताना समुद्राचा विचार मनात आणू नका. आधी लग्नाच्या पत्रिका सतरंजीवर पसरा आणि त्यातून उरलेले चार दिवस उचला. मग वार बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादशी. शिवाय आमच्या घरातल्या नानांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एवढं नीट जुळवलंत तर कोकणात चार दिवस राहून मासळीचा वाससुद्धा न घेता परत येता येतं. पोरं संध्याकाळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणतील. जाऊ द्या. परत आल्यावर ती बोटं हुंगत बसतात, तिकडं बघू नका.

गाडी सतरा सीटची करा. बावीस माणसांना सतरा सीट हे गणित चुकलेलं नाही. लेकरं मांडीवर बसतात, आणि दहावी होईपर्यंत प्रत्येक जण लेकरूच असतो. निघायची वेळ पहाटे चारची सांगा. साडेसातला गाडी हालेल. या उशिराचं वाईट वाटून घेऊ नका, आमच्या गावाला तर त्याची परंपराच आहे. दंतकथा अशी की जोगाई, म्हणजे आमची योगेश्वरी देवी, कोकणातून निघाली, परळीच्या वैजनाथाशी लग्न लागायचं होतं. वाटेत मुहूर्त टळला. देवी अंबाजोगाईतच राहिली आणि सगळ्या वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याच्या लेण्यांना गावात अजून जोगाईचा मांडवच म्हणतात. मोठ्या कुटुंबानं कोकण ते मराठवाडा असा प्रवास केला की काय होतं, याचा दाखला आमच्याकडं दगडात कोरलेला आहे. आपण तर उलट्या दिशेनं निघालोय.

सोबत काय घ्यावं? घर. ऐंशी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसराचा डबा, ठेचा आणि दहा किलो ज्वारीचं पीठ, कारण तिकडं भाकरी तांदळाची करतात आणि काकूंच्या मते ती आजाऱ्याची भाकरी. केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड ही गावं धपाटे संपवायला आहेत. पुण्यात तासभर अडका आणि त्या वेळात शेताच्या बांधाचा विषय काढा, म्हणजे ताम्हिणी घाट कधी उतरला ते कुणाला कळणार नाही. एवढा सुंदर घाट, पण अकरा वर्षांत आम्ही तो नीट पाहिलेला नाही. त्या वेळी नानांचा आवाज चढलेला असतो.

कूलर मात्र नेऊ नका. हे आम्ही अनुभवानं शिकलो. एके वर्षी नानांनी हट्टानं गाडीच्या कॅरिअरवर कूलर बांधला. आमच्याकडं चाळीस अंशाला कोरडी हवा असते. ओल्या ताट्यांतून ती आत आली की पाणी वाळतं आणि खोली गार पडते. दिवेआगरला अंश कमी, पण हवा आधीच ओली. तिच्यात पाणी वाळणार कसं? रात्रभर कूलरनं त्या तीन खोल्यांत वाफ भरली आणि सकाळी आम्ही सगळे उकडीच्या मोदकासारखे बाहेर आलो. नाना अजून म्हणतात, कूलर चांगला होता, तिकडचं पाणी बरोबर नव्हतं.

पाण्यावरून आठवलं. कॉटेजवर पोचल्यावर तुम्हाला वाटेल, आता समुद्रावर जायचं. छे. आधी पाणी भरायचं. आमची आक्का, म्हणजे मोठी आत्या, गाडीतून उतरते ती थेट मोरीत. नळ सोडते, धार कितपत जाड आहे ते हाताला लावून बघते आणि मग एकेक भांडं लावते. बादल्या, टप, तपेली, पिंप, मालकांचं मोदकपात्र, रिकाम्या झालेल्या पाण्याच्या बाटल्या. पहिल्या वर्षी मालक धावत आले. “आजी, इथं चोवीस तास पाणी आहे.” आक्का हसून हो म्हणाली आणि ते वळल्यावर माझ्या बायकोला म्हणाली, “चोवीस तास म्हणतंय ते लेकरू. कुणाच्या घरी असतंय का चोवीस तास पाणी? भर गं तू.” बाटलीचं झाकण लावताना ती बाटली उलटी करून दोनदा हलवते. गळत नाही ना, याची खात्री झाली की मगच खाटेखाली. २०१६ सालीही आम्ही आलो होतो. मांजरा धरण आटलं होतं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्या वर्षी तिनं खाटेखालची जागा संपल्यावर बाटल्या आमच्या उशाशी रचल्या. समुद्र तिथून पाच मिनिटांवर होता. आम्ही कूस बदलली की बाटल्या गडगडायच्या.

मालकांकडं भाड्यात सूट मागू नका. त्यांची कुलदेवी योगेश्वरी, म्हणजे आमच्याच गावची. कोकणातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी आहे. ‘तुमच्या देवीच्या गावचे आम्ही’ असं सांगितलं की ते भारावतात, चहा पाजतात आणि खण, नारळ अन् एकशे एक रुपये हातात ठेवून म्हणतात, आमच्या वतीनं ओटी भरा. भाडं तेवढंच.

आता समुद्र. मालकांनी आम्हाला भरतीचा हिशोब शिकवला होता. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे बाराला. रोज पाऊण-एक तासानं वेळ पुढं सरकते. हा हिशोब नानांना इतका आवडला की ते पंचांग घेऊन पडवीत बसतात आणि कागदावर भरती-ओहोटी काढतात. बाराला ओहोटी, किनारा लांबरुंद मोकळा पडलेला, आणि आम्ही भाकरी कालवतोय. सहाला भरती, तेव्हा आम्ही निघतो. निघेपर्यंत सात. अंधारात पायाला पाणी लागलं की ‘हां, आला समुद्र’ म्हणायचं आणि वळायचं. दिवसाउजेडी एकदा जावं लागतं, फोटोसाठी. तेव्हा सगळ्यांनी ओळीनं समुद्राला पाठ करून उभं राहायचं. फोटोत समुद्र दिसतो, आपल्याला पोतंभर चपला राखत बसलेली काकू दिसते.

हापूस खा, पण तोंड वाकडं करून. मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मालकांना दरवर्षी सांगा. त्यांना सवय झालीय.

हिशोब शेवटच्या रात्री काढा. माणशी की घरटी, हा वाद अकरा वर्षांचा झालाय. एका काकांच्या पोराचं अर्धं तिकीट लागतं. त्याला आता मिसरूड फुटलंय. दाजी पैसे द्यायला खिशात हात घालतात, सगळे ‘असू द्या, असू द्या’ म्हणतात आणि हात खिशातच राहतो. कुणीतरी रुसून झोपतं. ‘पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका’ हे वाक्य एकदा झालं की ट्रिप रीतसर पार पडली असं समजावं.

मग दरवर्षी जाता तरी कशाला, असं कुणी विचारलं तर हवापालट म्हणून सांगा. गावी वाडा होता तोवर मे महिन्यात सगळे तिथंच असायचे. वाटणी झाली, सोप्यातून भिंत गेली. आता ज्याच्याकडं जावं तिथं पाहुणा म्हणून जावं लागतं, नाश्त्याला पोहे येतात. बावीसांपैकी एकही जण पाहुणा नाही अशी जागा चार दिवस भाड्यानंच घ्यावी लागते. ती समुद्राकाठी निघाली, याला आमचा इलाज नाही.

निघायच्या दिवशी पहाटे सगळे गाडीत बसलेले असतात. ड्रायव्हर चिडलेला, नाना राहुकाळ किती वाजता लागतो ते सांगायलेत, पुतण्या पुढच्या सीटवर. आक्का नसते. ती मागच्या वाडीत असते. चार दिवस भरून ठेवलेलं पाणी मोरीत ओतायचं तिच्या जिवावर येतं. म्हणून एकेक बादली उचलून ती नारळाच्या बुंध्याशी नेते, आळ्यात हळू सोडते, मुरू देते, मग पुढचं झाड. मालक म्हणतात, अहो आजी, पंप आहे. ती मान डोलावते आणि बाटल्यांची झाकणं उघडायला लागते.

हॉर्न वाजवू नका. अजून दोन तपेली आणि मोदकपात्र राहिलंय.